पिक करते म्हणजे काय करते

पनवेलच्या मासळी बाजारात गोदूबाईच्या पाटीवर हात ठेवून गप्पा मारायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाचा हात पाटीच्या काठावर दिसला की ती बोलणं थांबवायची आणि तो हात मागे जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून बाजारातल्या सगळ्याजणी मला मास्तरीणबाई म्हणत. तरी माझ्या हाताकडेही ती तशीच बघायची. एकदा मी हसून विचारलं, "गोदूबाई, मी कधी तुमचा बोंबील पळवलाय का?"

"आजपर्यंत नाय," ती म्हणाली.

ती राहायची कोळीवाड्यात. खाडीत जाळ्याला पूर्वीसारखं काही लागत नव्हतं, म्हणून उरणकडून येणारी मासळी बोलीवर घेऊन ती बाजारात बसायची. तिच्या मते बर्फवाला निम्मं पाणीच विकायचा, रिक्षावाला मुद्दाम लांबून न्यायचा, आणि शेजारच्या पाटीवरची बाई ती तिकडे बघत नसताना तिचं गिऱ्हाईक खुणेने बोलावून घ्यायची. यातलं किती खरं होतं कोण जाणे. पण पहिल्यापासून आपण अशी नव्हतो, असं ती सांगायची, आणि त्याला कारण म्हणून एक हकिगत सांगायची.

तिचा नवरा आनंदा तळोज्याला एका कारखान्यात कामाला होता. एक दिवस साहेबाने त्याला बोलावून सांगितलं, "आनंदा, तुला रिलीव्ह केलंय." आनंदाला शब्द कळला नाही. बाहेर येऊन त्याने एका शिकलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "रिलीफ म्हणजे आराम." आनंदा पेढे घेऊन घरी आला. इतकी वर्षं राबलो म्हणून कंपनीने आराम दिला, असं त्याने सांगितलं आणि गोदूबाईने ते पेढे आळीभर वाटले. आठवडाभर त्याने खरोखरच आराम केला. मग सोमवारी डबा घेऊन गेटवर गेला तर त्याला आत सोडलं नाही. पेढे खाल्लेल्या घरांतून एकेक बाई चौकशीला आली, ते गोदूबाईला फार लागलं. पुढे आनंदा खांदा कॉलनीत एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला, घर चाललं, पण इंग्रजी शब्द कानावर पडला की गोदूबाई सावध व्हायची. मराठीत खोटं बोलणाऱ्याचं तोंड तिला वाचता यायचं. इंग्रजी आलं की तिला काही दिसेनासं व्हायचं.

अशा बाईच्या घरात २०१३ साली कोमल सून म्हणून आली. उरणकडच्या करंजा गावच्या कोळ्यांची मुलगी, बारावी झालेली, बोलायला चटपटीत. गोदूबाईचा मुलगा मिथुन कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पिकअप गाडीवर माल पोचवायचा. तो आठवड्यातले निम्मे दिवस पुण्याकडेच असायचा. सुरुवातीला कोमल सासूबरोबर बाजारात बसली. पण तिला मासे नीट कापता येईनात आणि गोदूबाईला ते बघवेना.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर पळस्प्याच्या पुढे हायवेला एक मोठं गोदाम सुरू झालं. लोक घरबसल्या फोनवरून वस्तू मागवायला लागले होते, त्या तिथून जायच्या. आसपासच्या बऱ्याच मुलींना तिथे काम मिळालं. कोमललाही मिळालं. कंपनीची बस एसटी स्टँडजवळ यायची. निळा टी-शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून ती जायला लागली.

काही दिवसांनी गोदूबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "तुला तिथं करायचं काय असतं?"

"पिक करायचं असतं."

"पिक म्हंजे?"

कोमल अंबाडा घालत होती. बस चुकेल म्हणून घाईत होती. "पिक म्हंजे उचलायचं, आई. माल ठेवलेला असतो, तो उचलायचा."

"कोनाचा माल?"

"लोकांचा," कोमल म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

आता, मासळी बाजारात 'उचलणे' या शब्दाचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. 'ती बाई उचलते' असं एखादीबद्दल नुसतं कुजबुजलं तरी बाकीच्या आपापली पाटी जवळ ओढतात. पोलीस माणसाला घेऊन गेले तरी आपण 'उचलला' असंच म्हणतो. गोदूबाईने त्या दिवशी भाकरी करपवली.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. कोमलचा फोन दिवसभर लागायचा नाही. एरवी हातातून न सुटणारा फोन कामावर असतानाच कसा काय बंद असतो? सकाळी घट्ट अंबाडा घालून गेलेली सून संध्याकाळी केस कसेबसे गुंडाळून परत यायची. डबा रिकामा असायचा, पण त्यातली भाजी पिशवीला आतून लागलेली असायची, कोणीतरी डबा घाईघाईने उपडा केल्यासारखी. विचारलं तर म्हणायची, "असंच."

एका रविवारी कोमल मागच्या ओट्यावर बसून तिच्या मैत्रिणीशी, प्रांजलशी, फोनवर बोलत होती. प्रांजल कामोठ्याची, तीही त्याच गोदामात कामाला. गोदूबाई आत सुकट निवडत बसली होती. हात चालू होते आणि कान बाहेर.

"मना घड्याळांची रांग दे बाई," कोमल हसत म्हणत होती. "पटापट उचलता येतात, हलकी असतात. काल दुपारपर्यंत सगळ्यात जास्त मीच उचललं. कुकरवाल्या रांगेत नको, हात मोडतात... हो ना, क्यामेरा हायच डोक्यावर. ती बघ ना बिचारी, गेटवर अडकली."

गोदूबाईच्या हातातली सुकट हातातच राहिली.

तिने आधी मुलाला विचारून पाहिलं. मिथुन जेवायला बसला होता. "पिक म्हंजे काय रे?"

"उचलायचं," तो म्हणाला. "माझी गाडी पिकअप, ती बी मालच उचलते. दोघं एकाच लायनीत हाय आमी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

गोदूबाई हसली नाही. पोराला माहीत असून तो झाकतोय, की त्यालाही काही माहीत नाही, हे तिला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने महमूदभाईंना गाठलं. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं अंडी-मसाल्याचं दुकान होतं. उमेदीची वर्षं त्यांनी कुवेतला काढली होती, त्यामुळे इंग्रजी शब्द अडला की बाजारातले लोक त्यांच्याकडे जायचे. आपण कोणासाठी विचारतोय हे गोदूबाईने सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "भाईजान, पिक करनारा म्हंजे कोन?"

महमूदभाईंनी अंड्यांचा ट्रे खाली ठेवला. "पिक... पिकपॉकेट ऐकलंय ना मावशी? पाकीटमार. स्टेशनावर बोर्ड असतो, पिकपॉकेटपासून सावध. का, कोणी खिसा कापला काय?"

"नाय," गोदूबाई म्हणाली आणि सरळ माझ्याकडे आली.

म्हणजे माझ्या घरी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या दारात आली होती, म्हणून मी घाबरले. बसली, पाणी प्यायली, आणि तिने तोच प्रश्न विचारला. मला कारण माहीत नव्हतं. शब्दाचा अर्थ विचारला की मास्तरणीला चेव येतो, तसा मला आला. मी कपाटातून शब्दकोश काढला आणि सांगत सुटले. पिक म्हणजे निवडणे, आपण तांदळातले खडे निवडतो तसं. पिक म्हणजे खुडणे, फुलं, भाजी, चहाची पानं. दात कोरणे, तेही पिकच. कोणाशी मुद्दाम भांडण उकरून काढणे, तेही. कुलूप किल्लीशिवाय उघडणे, तेही. जमिनीवर पडलेलं उचलून घेणे, कोणाला गाडीतून आणायला जाणे...

गोदूबाई ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "बाई, एवढे अर्थ असलेला शबुद कामाला कोन लावतो?"

"म्हणजे?"

"ज्याला लपवायचं हाय त्योच."

मग तिने सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं की गोदामात वस्तू काढून देण्याच्या कामाला तसं म्हणत असतील, त्यात चोरीचा काही संबंध नाही. तिने मान डोलावली. पण कुलपाबद्दलचा अर्थ तिने मला पुन्हा एकदा विचारून घेतला, तेव्हाच मला कळलं की माझ्या सांगण्यातलं तिने काय काय ठेवून घेतलंय.

त्याच आठवड्यात, कोमल कामावर असताना, तिने सुनेचं कपाट उघडलं. कपाटाला तेव्हा कुलूप नव्हतं. साड्यांच्या मागे एक खोका होता, वर कोमलच्या टी-शर्टवर होती तीच खूण असलेली कंपनीची चिकटपट्टी, इंग्रजी अक्षरं छापलेली चिठ्ठी. गोदूबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आत लाल रंगाच्या उंच टाचांच्या सँडल होत्या, अगदी कोऱ्या, तळव्याला धूळ न लागलेल्या. तिने खोका होता तसा ठेवला आणि साड्या पुढे सारल्या.

संध्याकाळी आनंदा कामावरून आल्यावर तिने त्याला मोरीपाशी बोलावून हळू आवाजात सांगितलं. आनंदा फार बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "आमच्या सोसायटीत कामवाल्या बाया निघाल्या का मी पिशवी बघतो. सेक्रेटरीचा हुकूम हाय."

"मंग? कदी गावलं का काय?"

"एकदा साबनाची वडी गावली. तिला म्यॅडमनीच दिलेली निघाली."

"म्हंजे तुमी बी तिचीच बाजू घेता."

"मी काय बी घेत नाय," आनंदा म्हणाला आणि हातपाय धुवायला लागला. पण त्या रात्री जेवताना तोही सुनेच्या हातांकडे बघत होता, असं गोदूबाईने मला सांगितलं.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. जिथे दोघींचं जुळलं, तेवढंच सांगते.

एका दुपारी गोदूबाई बाजारातून लवकर उठली. टोपलीत थोडी सुकट घेतली, कोणी विचारलं तर विकायला आले म्हणायला, आणि शेअर रिक्षाने पळस्प्याच्या पुढे जाऊन उतरली. गोदामाच्या गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे, चहाची टपरी होती. तिथे एका उभ्या टेम्पोच्या सावलीत ती बसली. गोदाम म्हणजे तिला तांदळाच्या वखारीसारखं काहीतरी वाटलं होतं. हे तर मैदानाएवढं होतं, आणि त्याला खिडकी नव्हती. "खिडकी का नाय?" तिने टपरीवरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "माल बाहेर फेकायला नको म्हणून." उत्तर ऐकून गोदूबाईने टोपली मांडीशी ओढून घेतली.

कामाची पाळी सुटली. बायकांची रांग वेगळी होती. गेटच्या आतच एक गार्डबाई टेबल टाकून उभी होती. प्रत्येकीने चप्पल काढायची, आपटून दाखवायची, डबा उघडायचा, पिशवी उलटी करायची. मग गार्डबाई अंगावरून एक काळी दांडी फिरवायची. अंबाडा असला तर म्हणायची, "केस सोड." आणि सोडलेल्या केसांत बोटं घालून बघायची.

संध्याकाळी सुनेचे केस तसे का असतात, ते गोदूबाईला तिथे समजलं. पण मनात आलं ते वेगळंच. एवढी झडती घेतात म्हणजे तितकी चोरी होत असणार.

कोमलचा नंबर आला. चप्पल झाली, डबा झाला, केस झाले. गार्डबाईने तिच्या गळ्यातलं कार्ड बघितलं आणि तिला रांगेतून बाजूला उभं केलं. तिच्यासारख्याच आणखी काहीजणी तिथे उभ्या होत्या. आतून एक तरुण सुपरवायझर आला. त्याचं नाव अविनाश. तो काहीतरी विचारत होता आणि कोमल मान हलवत होती.

"त्यांना का थांबवलंय?" गोदूबाईने विचारलं.

"काहीतरी हरवलं असेल," टपरीवाली म्हणाली. "काही हरवलं की आधी पिकवाल्या पोरींना धरतात. माल त्यांच्याच हातात येतो ना."

एवढं ऐकल्यावर कोणतीही शहाणी बाई जागेवर बसून राहिली असती. गोदूबाई उठली. टोपली काखोटीला मारून ती रस्ता ओलांडून गेटपाशी गेली आणि गजाला धरून मोठ्याने म्हणाली, "सायेब, काय चोरलंय हिनं ते सांगा!"

सगळ्या रांगेने मागे वळून बघितलं.

अविनाश गेटजवळ आला. "तुम्ही कोण?"

"मी सासू हिची. घरी बी एक खोका हाय. तुमच्या कंपनीची पट्टी हाय त्यावर."

कोमलने केस बांधायला वर नेलेले हात तसेच राहिले.

"कसला खोका?" अविनाशने कोमलकडे वळून विचारलं.

"सँडलचा," कोमल म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या भावाचं लग्न हाय म्हनून मागवली. पैसे देऊन मागवली सर. प्रांजलच्या पत्त्यावर."

"स्वतःच्या घरी का नाही मागवली?"

कोमलने सासूकडे बघितलं. "घरी आली असती तर यांनी आधी उघडली असती."

अविनाश तिला आत केबिनमध्ये घेऊन गेला. गोदूबाई गजाबाहेर उभी. इतक्यात गार्डबाई बाहेर आली आणि तिच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "यात काय आहे? गेटपाशी का घेऊन आलात?" उत्तराची वाट न बघता तिने टोपलीत हात घातला आणि सुकट वरखाली केली. गोदूबाईच्या मालात न विचारता हात घालणारी ती पहिलीच बाई असेल. गोदूबाई मला म्हणाली, "तोंडात शिवी आलेली, बाई. पन ती बाहेर निघंना. मीच सगळ्यांपुढं सांगितलेलं ना, का घरी खोका हाय."

केबिनमधून कोमल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. अविनाश गेटपर्यंत आला. तो काही वाईट मुलगा नव्हता, असं कोमलही म्हणते. तो म्हणाला, "सँडलची ऑर्डर बरोबर आहे. यांच्याच नावावर आहे. पण यांच्या रांगेतला एक मोबाईल सापडत नाहीये. त्याचा तपास होईपर्यंत मला यांना आत घेता येणार नाही."

"बाकीच्या पोरींना?" गोदूबाईने विचारलं.

"त्या उद्या येतील." तो जरासा घुटमळला. "काकू, घरची माणसंच गेटवर येऊन असं बोलली, तर वरच्यांना मी काय सांगू?"

कंपनीची बस निघून गेली होती. दोघी शेअर रिक्षाची वाट बघत हायवेच्या कडेला उभ्या राहिल्या. ट्रकमागून ट्रक जात होते. रिक्षात इतर माणसं होती. स्टँडला उतरून कोळीवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर कोमल म्हणाली, "घरी इचारलं असतं तर मी दाखवली असती."

"इचारलं होतं," गोदूबाई म्हणाली. "तू म्हनालीस, लोकांचा माल उचलते."

घराचं दार उघडून गोदूबाईने टोपली खाली ठेवली आणि सुनेच्या समोर उभी राहिली. "मोबाईल तू घेतलास?"

"आता इचारता?"

"आताच इचारते. घेतलास?"

"नाय."

गोदूबाई तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि चूल पेटवायला गेली. हे 'बरं' म्हणजे आपल्यावर विश्वास बसला की नाही, हे कोमलला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही, असं ती म्हणते.

आनंदा घरी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. गोदूबाईने त्याला विचारलं, "तुमी बी त्या बायांना केस सोडायला सांगता काय?"

"केस नाय. पिशवी."

"उद्यापासून नका बघू."

"मंग मना बी रिलीव करतील," आनंदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि पिशव्याही बघितल्या असतील. मी विचारलं नाही.

कोमल घरी बसली. दिवाळी आली, भावाचं लग्न झालं. त्या लाल सँडल ती घालून गेली का, तर नाही, जुन्या चपला घालून गेली. मिथुनने आईशी बोलणं कमी केलं. बाजारात तर विचारूच नका. गोदूबाईची सून गोदामातून काढली, ही बातमी बर्फाच्या आधी पोचली होती. शेजारच्या पाटीवरची बाई एकदा गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आजकाल कोनाकोनाच्या घरात उचलनाऱ्या बसल्यात." गोदूबाईने कोयता पाटावर ठेवला आणि उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पिक करते ती," ती म्हणाली. "गिऱ्हाईक मागतं, ती हजार वस्तूंतनं बरोबर तीच हुडकून काडते. तुला पापलेट मागितलं तर तू हलवा देतेस."

हे तिला कसं कळलं, तर कोमलनेच दाखवलं होतं. एका दुपारी गोदूबाईने विचारलं, "पन उचलायचं म्हंजे करायचं काय, ते तरी सांग." कोमल वैतागलेलीच होती. तिने सासूला मांडणीसमोर उभं केलं. म्हणाली, "तुमी पिकर. हातात मशीन हाय असं समजा. मशीन सांगतंय, वरून तिसरी फळी, उजवीकडनं दुसरा डबा. काढा." गोदूबाईने डबा काढला. "उघडू नका. खाली क्रेटमधी ठेवा. आता मशीन सांगतंय, खालची फळी, कोपऱ्यात." असं तिने सासूला घरभर फिरवलं, मोरीपासून ओट्यापर्यंत, कमरेला हात लावेपर्यंत. "दिवसभर हेच," कोमल म्हणाली. "आन मशीननं सांगितलं त्या जागी वस्तू नसली, तर 'नाय सापडली' म्हनून बटन दाबायचं. मी बटन दाबलं. मोबाईल तिथं नव्हताच. बटन दाबलं तिच्यावरच पहिला संशय."

"मंग दाबलंस कशाला?"

"नसलेली वस्तू कशी उचलू?"

गोदूबाई खाली बसली आणि डबे परत जागेवर लावायला लागली.

तो मोबाईल शेवटी सापडला का, कोणी नेला, की चुकून दुसऱ्याच फळीवर पडून होता, हे कोणालाच कळवलं गेलं नाही. नाताळच्या आसपास गोदामात काम वाढलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा कोमलला परत बोलावणं आलं. मात्र पिकवर घेतलं नाही, पॅकिंगला बसवलं.

"पॅक म्हंजे?" गोदूबाईने लगेच विचारलं.

"बांधायचं."

"कोनाला?"

"वस्तू, आई," कोमल म्हणाली, आणि त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच थोडीशी हसली.

पण पगार हातात आल्यावर तिने पहिली वस्तू आणली ती कपाटाला कुलूप. मिथुननेच ते बसवून दिलं. रोज कामावर जाताना ती कुलूप लावायची, ओढून बघायची, आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. गोदूबाई चुलीपाशी बसून तो आवाज ऐकायची. मला एकदा म्हणाली, "आमच्या घरात कदी कुलूप नव्हतं बाई. बाहेरच्या दारालासुदीक नाय." तिला माझ्याकडून जे ऐकायचं होतं ते मला खोटं वाटत होतं, आणि जे खरं वाटत होतं ते तिला आधीच माहीत होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. कोमल पॅकिंगमधून पुन्हा पिकवर गेली, आणि नंतर नव्या मुलींना काम शिकवायला लागली. सासू-सुनेचं बोलणं पूर्ववत झालं, म्हणजे मिठाचं, पाण्याचं, रेशनचं. कुलूप मात्र तसंच राहिलं.

मग एका सकाळी कोमलने निघताना किल्ली गोदूबाईच्या समोर ठेवली आणि म्हणाली, "आज आधार कार्ड लागनार हाय कंपनीत, पन ते कुठं ठेवलंय ते आठवत नाय. फोन गेटवर जमा असतो, जेवनाच्या सुट्टीत तो घेऊन करीन, तोवर आठवलं तर सांगते. मिथुन दुपारी गाडी घेऊन तिकडनंच जानार हाय, त्याच्याकडं द्या." आणि बस पकडायला पळाली.

दुपारी फोन आला. गोदूबाई फोन कानाला लावून कपाटासमोर उभी राहिली. कोमल पलीकडून सांगत होती: मधला कप्पा, डावीकडे, हिरव्या साडीच्या खाली, प्लास्टिकच्या पाकिटात. गोदूबाईने पाकीट काढलं, कपाट लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं. मिथुन येऊन पाकीट घेऊन गेला.

संध्याकाळी मी मासळी घ्यायला गेले तेव्हा तिने मला हे सगळं अगदी सविस्तर सांगितलं. बोलताना कोयता थांबला नव्हता.

"आणि दुसरं काही बघितलं नाहीत?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. सुरमईचे तुकडे तिने माझ्या पिशवीत टाकले, पिशवीला गाठ मारली. मग इकडेतिकडे बघून माझ्याकडे वाकली.

"कपड्यांच्या मागं एक पिशवी होती, बाई. उघडली नाय. वरून जरा दाबून बघितली. मऊ लागली."